डोंगराळ वस्तीत नळाचं पाणी कधी जड, कधी गढूळ: दर मोसमाला परत येणाऱ्या तक्रारीचा छडा

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. शॉवरची भोकं बुजली म्हणून साफ केली, गीझरचं एलिमेंट बदललं, शेवटी जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढणारा सॉफ्टनर बसवला. काही महिने बरे गेले. मग एक दिवस बादलीच्या काठाला पुन्हा पांढरी रेघ, साबणाला फेस नाही, केस चिकट. सॉफ्टनरवाला येतो आणि यंत्रातलं मीठ बदला म्हणतो. मीठ बदललं जातं, महिन्या-दीड महिन्यात पाणी सुधारतं आणि गुण मिठाने आला असं सगळे धरून चालतात. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला तेच नाटक पुन्हा. मीठ बिचारं निमित्त असतं. तेवढ्या काळात मोसम पालटलेला असतो आणि वरून येणारं पाणीच वेगळं असतं.

सपाटीवरच्या मोठ्या शहराचं पाणी मोठ्या जलाशयातून येतं. तिथे ते महिनोन्‌महिने साठून एकमेकांत मिसळलेलं असतं, त्यामुळे वर्षभरात त्याची जात फारशी बदलत नाही. डोंगराळ वस्तीची योजना लहान असते: एखादा झरा किंवा ओढा, फार तर जोडीला एक विंधन विहीर, साठवण टाकी आणि उतारावरून खाली आणलेले पाइप. पाण्याला रेंगाळायला जागाच नाही. वर जोराचा पाऊस झाला, बर्फ वितळलं किंवा झरा मंदावला की काही तासांत, नाहीतर काही दिवसांत ते नळाला कळतं. म्हणून 'आमचं पाणी जड आहे' एवढ्यावर कुठलंही यंत्र विकत घेऊ नका. यंत्र विकणारा पुढचं काही विचारणार नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी त्याच्याकडे विकायला तेच यंत्र असतं.

कधी, कुठे, कुठल्या नळाला

त्रास फक्त गरम पाण्याच्या नळाला असेल तर दोष गीझरमध्ये आहे आणि बाकी सगळं सध्या बाजूला ठेवा. गार आणि गरम दोन्हीकडे आहे, पण शेजाऱ्याकडे नाही, तर घरातली टाकी, फिल्टर किंवा सॉफ्टनर बघायचा. सगळ्या वस्तीत एकदम सुरू झालं असेल तर मात्र घरात काहीही उघडून उपयोग नाही, उगमाकडे बघायला हवं.

उगमाकडे बघतानाही एक फरक फार उपयोगी पडतो. जडपणा हळूहळू, आठवड्या-आठवड्याने वाढत गेला, तर उगम तोच आहे आणि मोसमाप्रमाणे त्याचं पाणी बदलतंय. काल बरं होतं आणि आज एकदम जड, असं असेल तर कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवला आहे. झऱ्याचं पाणी कमी पडलं की योजना चालवणारी माणसं विंधन विहिरीचा पंप जोडतात, आणि ते सांगण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नसते. पंप चालवणाऱ्याला फोन करून 'सध्या पाणी कुठलं सोडताय?' एवढं विचारलं तरी कितीतरी घरांतली खटपट वाचेल.

जडपणा येतो कुठून

पावसाचं आणि बर्फाचं पाणी मुळात मऊ असतं. मातीतून झिरपताना ते तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. मग खाली चुनखडी किंवा डोलोमाइट लागला तर तो विरघळवत पुढे जातं. चुनखडीतून मुख्यतः कॅल्शियम येतं, डोलोमाइटमधून त्याच्या जोडीला मॅग्नेशियमही. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, त्यामुळे डोंगरातल्या थंड पाण्याला हे काम चांगलंच जमतं. उलट ग्रॅनाइटसारख्या खडकातून आलेलं पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकंच मऊ राहू शकतं. एकाच दरीच्या दोन उतारांवर दोन जातींचे खडक असतील, तर समोरासमोरच्या दोन वस्त्यांची पाण्याची तक्रार पूर्णपणे वेगळी असते. म्हणून समोरच्या वस्तीतल्या ओळखीच्या माणसाने सुचवलेला उपाय आपल्याकडे चालेलच असं नाही.

उगमापर्यंत चालत जाता येत असेल तर एकदा जाऊन या. पाणी बाहेर पडतं तिथे आणि त्याखालच्या लहान धबधब्यांवर दगड, काटक्या, शेवाळं यांच्यावर चुन्याचा खरबरीत पापुद्रा चढलेला दिसला, तर ते पाणी कॅल्शियमने भरलेलं आहे. हवेशी संबंध आला, पाणी खळाळलं, की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना दगडावर बसतो. तुमच्या योजनेत उतारावर दाब तोडण्यासाठी मध्ये टाक्या असतील तर त्यांतही हेच घडतं. अशा टाकीत पाणी जिथे आदळतं तिथला पाइपचा तोंडाचा भाग वर्षागणिक अरुंद होत जातो. 'वरच्या आळीला पाणी कमी येतं' या तक्रारीमागे कधीकधी एवढंच कारण निघतं.

मोसमाचं गणित सरळ आहे. पाऊस किंवा बर्फाचं पाणी जोरात येतं तेव्हा झऱ्याच्या जुन्या पाण्यात ताजं पाणी मिसळतं आणि जडपणा उतरतो. पाऊस संपून बरेच महिने झाले, किंवा कडक थंडीत वरचं सगळं गोठलं, की झऱ्याला फक्त खडकात फार काळ मुरलेलं पाणी उरतं आणि जडपणा चढतो. म्हणजे वर्षातून एकदाच पाणी तपासून आणलं असेल, तर तो आकडा त्या मोसमापुरताच खरा.

टीडीएस मीटरने जडपणा मोजू नका

खिशात मावणारा टीडीएस मीटर आता घरोघरी आहे आणि त्यानेच सगळा घोळ घातला आहे. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देतो. ते कॅल्शियम आहे की सोडियम, हे त्याला ठाऊक नसतं. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, त्यामुळे सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहतो. तेवढ्यावरून 'सॉफ्टनर बंद पडला' असा निष्कर्ष काढून लोक त्यातले रेझिनचे मणी बदलून बसतात.

जडपणासाठी थेंबांचा किट घ्या. नळाचं ठराविक पाणी छोट्या बाटलीत घ्यायचं, त्यात किटमधलं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि रंगसूचक टाकायचं; जड पाणी लालसर जांभळं होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण, म्हणजे ईडीटीए, थेंबाथेंबाने सोडत बाटली हलवत राहायची. शेवटच्या थेंबांना रंग आधी मळकट जांभळा होतो आणि मग अचानक स्वच्छ निळा. थेंब मोजायचे आणि किटवर लिहिल्याप्रमाणे गुणायचे, झालं. डोंगरातल्या माणसाने इथे एक गोष्ट पाळायची: नळातून आलेलं बर्फासारखं पाणी लगेच तपासू नका. गार पाण्यात ही क्रिया मंदावते, रंग उशिरा पालटतो आणि तुम्ही दोन-चार थेंब जास्त टाकून बसता. पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कागदी पट्ट्याही मिळतात. ढोबळ अंदाजाला त्या बऱ्या, सॉफ्टनर लावण्याएवढ्या अचूक नाहीत.

आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने येतो. ६० पर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फार जड, ही बरीच वापरली जाणारी वर्गवारी. प्रयोगशाळेच्या अहवालात एकूण जडपणा दिलेला नसेल, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे दिले असतील, तर कॅल्शियमला २.५ ने आणि मॅग्नेशियमला ४.१ ने गुणून बेरीज करा.

आणि जीव टांगणीला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या जडपणासाठी आरोग्याच्या दृष्टीने कुठलीही मर्यादा घातलेली नाही. जड पाणी गीझरला, शॉवरला आणि साबणाला त्रास देतं, पिणाऱ्याला सहसा नाही. जडपणाच्या भीतीने घाईघाईत आरओ बसवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

ग्लासभर पांढरं पाणी

'पाणी दुधासारखं येतं, क्षार आहेत' ही तक्रार वेगळी काढतो, कारण तिच्यात तीन निराळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि त्या ओळखायला पैसे लागत नाहीत. पारदर्शक काचेचा ग्लास भरा आणि उजेडात, हलवल्याशिवाय ठेवा.

पाणी तळाकडून वर असं निवळत गेलं आणि मिनिटा-दोन मिनिटांत लख्ख झालं, तर ती हवा आहे. डोंगरात पाइपमधला दाब जास्त, पाणी गार, त्यामुळे त्यात हवा भरपूर विरघळते आणि नळातून सुटताच बारीक बुडबुडे होऊन बाहेर पडते. काहीही करायची गरज नाही. मात्र नळ फुरफुरत असेल, मध्येच थुंकत असेल, तर उगमावरच्या टाकीत पाणी कमी पडून पाइप हवा ओढतोय. ते योजनेवाल्यांना कळवा.

पांढरे कण हळूहळू खाली बसले आणि वरचं पाणी स्वच्छ झालं, तर तो चुना आहे. बहुतेक वेळा गीझरमधून सुटलेला असतो. खाली बसलेल्या साक्यावर दोन थेंब व्हिनेगर टाका. फसफसला तर नक्की चुना.

आणि पाणी राखाडी-पांढरं राहिलं, रात्रभर ठेवूनही निवळलं नाही, तर ती दगडाची अतिबारीक भुकटी आहे. हिमनदीखाली खडक घासून ही भुकटी तयार होते आणि बर्फ वितळायच्या दिवसांत ओढ्यात येते. तिला सॉफ्टनर काही करू शकत नाही; उलट रेझिनमध्ये ती अडकून बसते. इथे गाळणंच हवं, आणि तेही योजनेच्या पातळीवर झालं तर उत्तम.

गीझर

कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव मिठाच्या उलट आहे. पाणी तापवलं की त्याची विद्राव्यता कमी होते, बायकार्बोनेट मोडून कार्बन डायऑक्साइड उडतो आणि उरलेला चुना सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे एलिमेंटवर चिकटतो. थर वाढला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, एलिमेंट स्वतःच जास्त तापतं आणि एक दिवस उडतं. गीझरमधून तडतड, खडखड असे आवाज येत असतील तर थर आधीच जाड झालेला आहे. सुरक्षा व्हॉल्व्ह सारखा ठिबकत असेल, तर त्याच्या बैठकीवरही चुन्याचा कण अडकलेला असू शकतो.

तापमानाचा काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवायची सवय इथे महागात पडते. तापमान जितकं जास्त तितका थर लवकर. पण साठवणीच्या गीझरमध्ये फार खालीही आणू नका, कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. ६० अंशांच्या आसपास ठेवणं हा व्यवहारी मध्य आहे.

थर काढायला सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर पुरतं. वीज बंद, पाणी थंड, गीझर रिकामा, मग द्रावण भरून काही तास ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. सायट्रिक ॲसिडचं कडक द्रावण उकळत्या पाण्यात वापरू नका. गरमीत कॅल्शियम सायट्रेटचा वेगळाच चिवट थर बसू शकतो. संगमरवरी फरशीवर हे द्रावण सांडलं तर फरशी पांढुरकी पडते. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचिंगच्या द्रावणाजवळ आणायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

एक अपवाद लक्षात असू द्या. जडपणा जिप्सममधून, म्हणजे सल्फेटच्या रूपात आला असेल तर तापवून तो खाली बसत नाही. अशा ठिकाणी गीझर तुलनेने स्वच्छ राहतो, पण साबणाची बोंब तशीच. गार पाण्याचा आणि उकळून निवळलेल्या पाण्याचा जडपणा वेगवेगळा मोजलात तर हा भेद घरातच कळतो: उकळल्यावर आकडा चांगला उतरला तर जडपणा बायकार्बोनेटचा, फारसा हलला नाही तर दुसरा.

सॉफ्टनर बसवूनही पाणी जड

सॉफ्टनरच्या आत सोडियमने भरलेल्या रेझिनचे बारीक मणी असतात. पाणी जाताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या द्रावणाने धुवून पुन्हा ताजे करायचे, म्हणजे रिजनरेशन. किती पाण्यानंतर ताजे करायचे हे तुम्ही भरलेल्या जडपणाच्या आकड्यावरून ठरतं, आणि डोंगरात नेमकं इथेच फसतं.

समजा तुमच्या सॉफ्टनरची एका फेरीची क्षमता १ किलो कॅल्शियम कार्बोनेट आहे. जडपणा १०० असताना तो १०,००० लिटर पाणी मऊ करेल. तोच जडपणा कोरड्या मोसमात २५० झाला तर फक्त ४,००० लिटर. बसवणारा माणूस भरपूर पाण्याच्या दिवसांत आला, त्याने १०० भरलं आणि गेला. पुढे सहा हजार लिटर पाणी सॉफ्टनरमधून जसंच्या तसं निघतं आणि यंत्र मात्र 'सर्व ठीक' दाखवत असतं. उपाय साधा: वर्षातला सगळ्यात जड आकडा भरायचा, नाहीतर मोसमाप्रमाणे दोनदा बदलायचा. पहिल्यात मीठ थोडं वाया जातं. मी तेच पसंत करतो, कारण दुसऱ्यात आठवण ठेवावी लागते.

एकक नीट बघा. काही यंत्रं ग्रेन प्रति गॅलन मागतात, काही जर्मन अंश. २५० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे १४.६ ग्रेन किंवा १४ जर्मन अंश. फ्रेंच अंश असतील तर २५.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला रिजनरेशन झाल्या-झाल्या सॉफ्टनरमधून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी ते तपासा, आणि पुढचं रिजनरेशन व्हायच्या थोडं आधी पुन्हा तपासा. सुरुवातीला मऊ आणि शेवटी जड असेल, तर यंत्र चांगलं आहे, वर सांगितलेला आकडा चुकला आहे. तोंडाशी कायम मऊ, पण नळाला जड, तर बायपासचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा मिश्रणाचा (मुद्दाम थोडं जड पाणी मिसळणारा) स्क्रू सैल आहे. आणि रिजनरेशननंतर लगेचच जड येत असेल, तर मीठच आत ओढलं जात नाहीये.

मीठ न ओढण्याची दोन कारणं नेहमी सापडतात. एक, मिठाचा वरचा थर घट्ट होऊन कमानीसारखा अडकतो आणि खाली पोकळी राहते. वरून पिंप भरलेलं दिसतं, पातळी महिनोन्‌महिने हलत नाही, आणि मालक खूश की मीठ कमी लागतंय. लाकडी काठीने हळूच खाली दाबून बघा. काठी एकदम आत गेली तर कमान होती. दुसरं कारण डोंगरातलं खास आहे. मिठाचं द्रावण पाण्याच्याच दाबाने इंजेक्टरमधून ओढलं जातं आणि त्याला साधारण दीड ते दोन बार दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या फरकाला जवळपास एक बार, हा हिशोब. तुमचं घर साठवण टाकीच्या फक्त दहा-बारा मीटर खाली असेल तर सॉफ्टनर कधीच नीट चालणार नाही, कितीही मीठ ओता. उलट टाकीपेक्षा शंभर मीटर खाली असलेल्या घरात, मध्ये दाब तोडलेला नसेल तर, दहा बारच्या आसपास दाब येतो आणि यंत्राची जोडणीच फुटू शकते. तिथे आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, मग गाळ अडवणारा फिल्टर, आणि मग सॉफ्टनर. त्या व्हॉल्व्हच्या आतली जाळीही चुन्याने आणि रेतीने भरते, ती काढून धुवायला विसरू नका.

थंडीत रिकामं ठेवलेलं घर असेल तर सॉफ्टनर गोठू देऊ नका. आतलं पाणी गोठलं की मणी फुटतात, टाकीला चीर जाते, आणि वसंतात घर उघडल्यावर नळातून पिवळसर रवाळ कण येतात.

पिण्याच्या पाण्याचा एक नळ सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्या. १०० मिलिग्रॅम जडपणा काढताना पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं; ज्यांना मीठ कमी खायला सांगितलं आहे त्यांच्यासाठी हे बिनमहत्त्वाचं नाही. झाडांनाही ते पाणी नको.

चुंबकाच्या पट्ट्यांबद्दल लोक विचारतात. त्यांच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे मी त्यावर पैसे घालणार नाही. चुन्याचे अतिसूक्ष्म स्फटिक पाण्यातच तयार करणाऱ्या माध्यमाची यंत्रं मात्र वेगळी. ती थर कमी करू शकतात, पण पाण्याचा जडपणा मोजला तर तो तेवढाच येतो. साबणाची तक्रार त्यांनी सुटत नाही.

उलटी तक्रार: निळे-हिरवे डाग

फार मऊ पाण्याच्या वस्तीत चुना कुठेच नसतो, पण बेसिनवर नळाखाली निळसर-हिरवा ओघळ दिसतो आणि सकाळच्या पहिल्या पाण्याला धातूची चव येते. पाणी आम्लधर्मी आहे, क्षारता (म्हणजे आम्ल झेलायची ताकद) कमी आहे, आणि ते तांब्याचे पाइप खातंय. जुन्या जोडण्यांमध्ये शिसं असेल तर तेही सुटतं, आणि ते ना दिसतं ना चवीला कळतं. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा तांब्यासाठी २ मिलिग्रॅम प्रति लिटर, शिशासाठी फक्त ०.०१. इथे चुकूनही सॉफ्टनर नको. रात्रभर पाइपात राहिलेलं पाणी पिण्याआधी सोडून द्या, स्वयंपाकाला गरम नळाचं पाणी घेऊ नका, आणि कायमचा उपाय म्हणून चुनखडीच्या खड्यांतून पाणी नेणारा फिल्टर बसवा. तो पीएच वर आणतो आणि पाण्याला थोडा जडपणा मुद्दाम देतो.

एकच पाणी गार पाइपात धातू खाणारं आणि गीझरमध्ये थर बसवणारं असू शकतं. १९३६ साली अमेरिकी संशोधक लँगेलियर यांनी यासाठी एक निर्देशांक मांडला. तो पीएच, कॅल्शियम, क्षारता, तापमान आणि एकूण विरघळलेले पदार्थ यांवरून काढतात. उत्तर उणे आलं तर पाणी चुना विरघळवणार, अधिक आलं तर बसवणार. म्हणून प्रयोगशाळेला फक्त जडपणा तपासा असं सांगू नका. पीएच आणि क्षारताही मागा, त्यांच्याशिवाय पहिल्या आकड्याचा अर्थ अर्धाच लागतो.

पाणी गढूळ झालं की जडपणा विसरा

पहिल्या मोठ्या पावसानंतर किंवा बर्फ झपाट्याने वितळताना नळाला गढूळ पाणी येतं. चुनखडीच्या डोंगरात तर भेगा आणि भुयारांतून पाणी न गाळता थेट उगमापर्यंत पोचतं; वर गुरं चरत असतील, शौचालयाचे खड्डे असतील, तर त्यांच्यासकट. व्हिएन्ना शहराला १८७३ पासून आल्प्समधल्या अशाच चुनखडी डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी मिळतं, आणि तिथे झऱ्यांच्या वरचा सगळा प्रदेश संरक्षित ठेवलेला आहे. लहान वस्तीला पूर्ण डोंगर राखता येणार नाही, पण उगमाच्या वरच्या बाजूला कुंपण आणि पावसाचं पाणी वळवणारा चर एवढं गावकीला जमण्यासारखं आहे.

गढूळ पाण्यात क्लोरीन टाकून समाधान मानू नका. मातीचे कण क्लोरीन खातात आणि जंतूंना आडोसा देतात. पाणी आधी १ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) खाली निवळलेलं असावं, मग क्लोरीन. आणि पीएच ८ च्या खाली असताना किमान ३० मिनिटांनंतरही ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन शिल्लक राहायला हवा. थंड पाण्यात क्लोरीन सावकाश काम करतो, म्हणून टाकी आणि पहिलं घर यांत अंतर कमी असेल तर वेळ पुरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. त्यावर बारीक गाळण, अतिनील दिवा किंवा उकळणं. अतिनील दिवा असेल तर त्याच्या काचेच्या नळीवर जड पाण्याचा पांढरा थर बसतो आणि दिवा पेटलेला दिसूनही प्रकाश पाण्यापर्यंत पोचत नाही. नळी ठरवून पुसायची.

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, ३,००० मीटरवर सुमारे ९० अंशांना. जंतू मरायला तेवढी उष्णताही पुरते, फक्त वेळ थोडा वाढवायचा: अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला खळखळून १ मिनिट, आणि सुमारे २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं असा आहे.

वास आणि रंगीत डाग

तांबूस डाग लोहाचे, काळे मँगनीजचे. दोन्ही रेझिन खराब करतात, म्हणून त्यांचा फिल्टर सॉफ्टनरच्या आधी. कुजक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर गीझरची टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा दांडा आणि सल्फेट खाणारे जिवाणू यांची ती जोडगोळी आहे. टाकी नीट तापवून निर्जंतुक करा आणि दांडा ॲल्युमिनियम-जस्ताचा घाला. गार पाण्यालाही वास असेल तर तो उगमाचा.

योजनेवाल्यांकडे जाताना

डोंगरातल्या काही खडकांमधून आर्सेनिक, फ्लोराइड किंवा युरेनियम पाण्यात उतरतं. पाणी दिसायला स्फटिकासारखं, चवीला उत्तम, जडपणा नगण्य, आणि तरीही यातलं काही मर्यादेबाहेर असू शकतं. आर्सेनिकचा मार्गदर्शक आकडा ०.०१, फ्लोराइडचा १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. घरच्या कुठल्याही किटवर विसंबू नका. नवा उगम किंवा नवी विंधन विहीर जोडली की प्रयोगशाळेत एकदा तपासणी करून घ्याच.

तक्रार नोंदवताना 'पाणी खराब येतं' असं लिहिलंत तर कागद फाइलला लागतो. त्याऐवजी तारीख, वेळ, नळ गार की गरम, ग्लासमध्ये काय दिसलं, थेंबांच्या किटवर आकडा किती, आदल्या दोन दिवसांत पाऊस होता का आणि टाकीच्या वरच्या व खालच्या अशा दोन-तीन घरांत तेव्हा काय येत होतं, एवढं द्या. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, त्याच नळाचा जडपणा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत गेलात तर वर्षभराने सॉफ्टनरमध्ये कुठला आकडा भरायचा हे कुणाला विचारावं लागणार नाही, आणि पंप कधी जोडला गेला तेही त्याच कॅलेंडरवर सापडेल.